बुडापर्यंत दिलेला ताव

शेजारच्या आजोबांच्या गॅरेजकडे मी पहिल्यांदा ओढली गेले ती वासामुळे. मेण जळाल्याचा वास, आणि त्याच्या आत तापलेल्या धातूचा. स्टेट कॉलेज नावाच्या या परदेशी गावात येऊन आम्हाला दीड वर्ष झालं होतं. त्या दीड वर्षात बाहेरून घरात शिरलेला एकही वास मला ओळखीचा वाटला नव्हता. मी मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होते. हातातला ओला टॉवेल तसाच धरून कुंपणापाशी गेले आणि उभी राहिले.

गॅरेजचं दार वर केलेलं होतं. आत एका लोखंडी भांड्यात शिसं वितळत होतं. आजोबा पळीने ते एका साच्यात ओतत, जरा थांबत, लाकडी हातोडीने साच्यावर टक् करून मारत आणि साचा उघडत. मग खालच्या जुन्या फडक्यावर बंदुकीची एक गोळी पडे. त्यांनी मला पाहिलं आणि हाताने बोलावलं. मी मान हलवून नको म्हटलं. या देशात कुणीही काहीही विचारलं की माझी मान आधी तशीच हलायची.

पण फडक्यावरच्या गोळ्यांकडे माझी नजर गेली. सगळ्यांना सुरकुत्या. सायीला पडतात तशा. साचा थंड होता. हे कळायला फार शिकावं लागत नाही. माझे वडील तांबट होते. आई लवकर गेली, म्हणून चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी भाता ओढायला बसले. हंडे, तपेली ते ठोकून करत, पण भांड्यांचे कान ओतून करत, आणि साचा गार असला की कानाला अशाच सुरकुत्या पडत.

मी साच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "कोल्ड."

घराबाहेरच्या माणसाशी आपणहून बोललेला तो माझा पहिला इंग्रजी शब्द असावा. आजोबांनी गोळी उचलून चष्म्याजवळ नेली, माझ्याकडे पाहिलं, आणि साचा शिशाच्या भांड्याच्या काठावर तापत ठेवला. थोड्या वेळाने ओतलेली गोळी गुळगुळीत निघाली. ते इतके मोठ्याने हसले की मी घाबरून घरात पळाले. टॉवेल कुंपणावरच राहिला.

आमचे हे विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये मशिनिस्ट होते. प्रोफेसर लोकांना प्रयोगाला लागणारे बारीक भाग बनवून देत. आजोबा त्याच वर्कशॉपमधून रिटायर झालेले. ह्यांना हाताखाली घेऊन त्यांनीच शिकवलं, आणि त्यांच्या शेजारचं हे घर भाड्याने मिळवून दिलं तेही त्यांनीच. त्यामुळे आमच्या घरात त्यांचा शब्द मोठा होता. संध्याकाळी हे आले ते हसतच आले.

"काय गं, आज काय केलंस तू? म्हातारा म्हणतो, तुझ्या बायकोला धातूतलं कळतं."

"मी काही नाही केलं. कोल्ड म्हटलं फक्त."

"तेच तर. मला दीड वर्षात तो चांगलं म्हणाला नाही आणि तुला एका शब्दात पास केलं."

त्यानंतर मी तिकडे जायला लागले. दुपारी, घरातलं आवरलं की. आधी उंबऱ्याशी उभी, मग एका स्टुलावर. ते मला मिसेस म्हणत. मी त्यांना तोंडावर काहीच म्हणत नसे. मनात आजोबा म्हणायची. ते बोलत इंग्रजीत. मी लिहिते आहे ते मला समजलं तसं. सगळं समजलं असेलच असं नाही.

आमच्याकडची मंडळी महिन्यातून एकदा एकत्र जमत. सगळ्या बायका बी. ए., एम. ए., एक तर डॉक्टर. तिथे मी ताटं उचलण्याचं काम आधीच मागून घेई, म्हणजे बोलावं लागत नसे. माझ्या गॅरेजचं कळल्यावर एक काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं बाई, हिला भिशीला बोलावलं की येत नाही, लाजते म्हणे. आणि तिकडे बसून बंदुकीच्या गोळ्या ओतते!" सगळ्या हसल्या. मीही हसले. त्यात राग धरण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही.

आजोबांकडे एक रायफल होती. ती त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने तरुणपणी मिळून बनवलेली. तिची काडतुसं कुठल्याच दुकानात मिळत नसत, कारण तसलं काडतूस जगात या दोघांनीच काढलेलं. दुकानातून दुसऱ्याच मापाच्या पितळी पुंगळ्या आणायच्या. पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी अंग, ज्यात दारू भरतात आणि तोंडाशी गोळी बसवतात. ती पुंगळी तेल लावून पोलादी साच्यांत एकामागून एक दाबायची, की तिची मान बारीक होत जाते. मग कापून मापाची करायची. भाऊ वारला तेव्हा कॉफीचा एक डबा भरून पुंगळ्या मागे राहिल्या. काही त्याच्या हातच्या, काही आजोबांच्या. डब्यावर भावाच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. मला वाचता आलं नाही, पण आजोबा डबा उचलताना अंगठा त्या अक्षरांवर येऊ देत नसत.

तर दाबताना पितळ ताठतं. ताठलेलं पितळ फाटतं. त्यावर आजोबांचा उपाय असा: एका उथळ थाळीत पाणी घ्यायचं, पुंगळ्या त्यात निम्म्या बुडतील अशा उभ्या करायच्या, वरून गॅसच्या टॉर्चची ज्योत नुसत्या मानेवर फिरवायची, आणि रंग बदलला की पुंगळी पाण्यात आडवी पाडायची.

मला ते बघवेना. अर्धं भांडं नरम आणि अर्धं कडक? माझ्या वडिलांनी असं काम पाहिलं असतं तर करणाऱ्याच्या डोक्यावर आपटलं असतं. वडील अख्खा हंडा भट्टीत घालत, तो सगळीकडून विझत्या निखाऱ्यासारखा लाल झाला की पाण्यात बुडवत. त्याला आम्ही ताव देणं म्हणायचो. ताव सारखा बसला पाहिजे, बुडापासून काठापर्यंत. कुठे राहिला तर हंडा तिथेच चिरणार.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, ते चुकीचं करतात. पाणी काढून टाका म्हणावं."

"त्यांना चाळीस वर्षं झाली हे करताना. तू जाऊन शिकवणार?"

"म्हणून तर तुम्हाला सांगते."

"मी तर मुळीच सांगणार नाही. तांबटाची पोर तू, तूच भांड त्यांच्याशी."

मी कुठली भांडणार. पण त्याच आठवड्यात माझ्यासमोर पाच पुंगळ्या मानेशी चिरल्या. आजोबांनी त्या ओळीने मांडून ठेवल्या आणि खूप वेळ तशाच बघत बसले. मला वाटलं, त्यांतली एखादी भावाची असेल.

शरद ऋतूच्या शेवटी ते दहा दिवस मुलीकडे ओहायोला गेले. जाताना गॅरेजची किल्ली आणि तो कॉफीचा डबा माझ्याकडे दिला. मी एकदा चिंचेच्या पाण्याने एक पुंगळी घासून दाखवली होती, तेव्हापासून त्यांना त्या चकाकीचं वेड लागलं होतं. "क्लीन," ते म्हणाले, आणि डब्यावर थोपटलं. "ऑल."

चिंचेच्या पाण्यात हात घातल्यावर माझ्या मनात आलं, आता नुसतं घासून का द्यायचं? माणसाने आपल्याला घर दिलं, स्टूल दिलं. आपल्याला येतं ते एवढंच. ते आपण करून ठेवू. सांगायचंही नाही. दाबताना त्यांना आपोआप कळेल.

त्यांच्या मागच्या अंगणात मांस भाजायची शेगडी होती. तिच्यात कोळसे पेटवले. भाता नव्हता, म्हणून केस वाळवायचा ड्रायर लांब वायर लावून आणला. तो निखाऱ्यांवर धरला आणि आवाज सुरू झाला तशी मी एकटीच हसले. सांडशीने एकेक पुंगळी निखाऱ्यांत आडवी घालत गेले. सावलीत रंग चांगला दिसतो. बुडाचं पितळ जाड, त्याला वेळ लागे, म्हणून बूड मी मुद्दाम निखाऱ्यांच्या मध्यात सारलं. ताव सारखा बसला पाहिजे ना. लाल झाली की बादलीत. चर्र. दोन दुपारी हे चाललं. साठेक झाल्या आणि कोळसे संपले. चाळीस राहिल्या त्या राहिल्या. मग सगळ्या मिळून चिंच आणि राखेने घासल्या, पुसल्या, आणि डब्यात भरून ठेवल्या. सोन्याच्या वाटत होत्या. कोणती कोणती ते मला स्वतःलाही ओळखता आलं नसतं, पण ओळखायची गरजच काय होती?

आजोबा परत आले आणि कामाला लागले. शिकारीचा हंगाम जवळ आला होता. तिकडे हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस म्हणजे आपल्याकडच्या सणासारखा, शाळासुद्धा बंद ठेवतात. पुंगळ्या साच्यांतून लोण्यासारख्या जाऊ लागल्या. एकही चिरली नाही. जावयाने त्यांना नवीन तेल दिलं होतं. आजोबांना वाटलं, तेलाचा गुण. "काय तेल आहे, मिसेस!" ते पुन्हा पुन्हा म्हणत. मी मान खाली घालून बसले होते आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या. तेव्हा सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तेव्हा मला ते सांगणं म्हणजे फुशारकी वाटली.

तीसेक काडतुसं त्यांनी भरली. दारू ते स्वतःच मापत. मला हात लावू देत नसत. भरलेली काडतुसं प्लास्टिकच्या पेट्यांत उभी राहिली. उरलेल्या पुंगळ्या डब्यात परत गेल्या. शनिवारी सकाळी ते गावाबाहेरच्या जुन्या खाणीवर जाऊन नेम बघणार होते.

गुरुवारी संध्याकाळी मी ह्यांना वाढत होते. वाढता वाढता सहज विचारलं, खरं तर कौतुक करून घ्यायच्या इराद्यानेच विचारलं, "अहो, पण ते त्या थाळीत पाणी कशाला घेतात? अर्धवट ताव का देतात?"

"बूड गार राहावं म्हणून."

"बूड गार कशाला?"

"बूड कडक पाहिजे म्हणून. असं बघ," त्यांनी वाटी आडवी धरली. "पुंगळी बंदुकीच्या पोटात बसते. चारी बाजूंनी पोलाद. पण मागे बुडाशी एवढासा भाग उघडा राहतो. दारू पेटली की सगळा जोर तिथे. म्हणून बूड जाड असतं, आणि मुद्दाम कडक ठेवलेलं असतं."

"आणि नरम असलं तर?"

"तर फाटणार. आग मागे येणार. आणि बंदूक झाडणाऱ्याचं तोंड कुठे असतं? इथे." त्यांनी वाटी गालाला लावली. "डोळा वाचला तर नशीब म्हणायचं. आमटी वाढ."

मी आमटी वाढली.

शुक्रवारचा अख्खा दिवस माझ्या डोक्यात नुसता गोंधळ होता. वडील चुकीचे कसे असतील? त्यांच्या हंड्यांना तीस वर्षांत कुणी नाव ठेवलं नाही. पण हंड्यात कुणी दारूही पेटवली नव्हती. मग पितळाचा नियम पितळाला लागू नाही का? की हे माझी चेष्टा करत होते? ह्यांना चेष्टेची सवय. एकदा, आइस्क्रीम इथे लोक गरम करून खातात असं सांगून त्यांनी मला फसवलं होतं. पण तेव्हा त्यांचे डोळे हसत होते, आणि काल ते आमटीकडे बघत बोलले. शिवाय भरलेल्या तिसांत माझ्या किती, त्यांच्या किती? सगळ्या त्यांच्याच असल्या तर? मग मी उगाच बोभाटा करीन, ह्यांची मान खाली जाईल, आणि ते स्टूल जाईल. आणि नसल्या तर? तर म्हाताऱ्याचा डोळा जाईल. एवढी सोपी तुलना होती. तरी मी दुपारपर्यंत भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा.

ह्यांना का सांगितलं नाही ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. त्यांनी बजावलं होतं ना, तू शिकवणार का म्हणून. मी न विचारता शिकवलं होतं.

दुपारी धीर करून गेले. आजोबा रायफलची नळी पुसत होते. मी पेट्यांकडे बोट केलं.

"नो गुड."

"काय नो गुड, मिसेस?"

"दॅट. बॅड. यू… नो गो."

त्यांनी कापड खाली ठेवलं. मग दोन्ही हात डोक्याशी नेऊन बोटांची शिंगं केली. "हरीण?"

मी रडकुंडीला आले होते, त्यांना ते हरणासाठी वाटलं. फार हळुवारपणे बोलू लागले. मांस खात नाही हे माहीत आहे, तुमच्या देवाला चालत नाही हेही माहीत आहे. "मी माझ्यासारखं म्हातारं हरीणच शोधतो," ते म्हणाले, "आणि तेही तीन वर्षांत सापडलेलं नाही." मला हसवायला ते हसले. मला पितळ, ताव, बूड, भट्टी यातला एकही शब्द इंग्रजीत येत नव्हता. मी परत आले. परत आले, ही त्या सगळ्यातली माझी खरी चूक. ताव देणं ही अज्ञानाची होती.

शनिवारी सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं होतं. खिडकीतून दिसलं, आजोबांनी ट्रकमध्ये रायफल ठेवली, पेट्या पुढच्या सीटवर ठेवल्या आणि टोपी आणायला आत गेले. मी स्लिपरवर धावत गेले. ट्रकचं दार उघडलं. दोन्ही पेट्या उचलल्या आणि पोटाशी धरून तिथेच उभी राहिले.

आजोबा बाहेर आले. "मिसेस?"

मी मान हलवली. या वेळी मला तेच म्हणायचं होतं.

त्यांनी हात पुढे केला. मी मागे सरकले. तेवढ्यात हे बाहेर आले, अर्ध्या गालाला साबण तसाच.

"अगं, काय चाललंय? ठेव ते खाली!"

"नाही ठेवणार."

असं मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं.

"अहो, त्यांना सांगा, मी त्या भट्टीत घातल्या होत्या."

"काय घातल्या होत्या?"

"पुंगळ्या. अख्ख्या. बुडापर्यंत. वडील घालायचे तशा. त्यांच्याच शेगडीत, ड्रायरचा वारा घालून लाल केल्या आणि पाण्यात टाकल्या. साठ. त्यांच्यात मिसळल्या. आता कळत नाहीत."

ह्यांच्या गालावरचा साबण ओघळत होता. त्यांनी तो पुसलासुद्धा नाही. आधी माझ्याकडे बघून म्हणाले, "परवा विचारत होतीस ते हे होय?" मग आजोबांकडे वळून इंग्रजीत भराभर बोलले. आजोबा ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. मग ते काहीतरी म्हणाले.

"ते म्हणतात, मांस भाजायच्या शेगडीवर एवढा ताव बसणार नाही. तुला वाटलं असेल लाल झाल्या."

मला रंग कळत नाही? मी तरातरा गॅरेजमध्ये गेले. पेट्या काखेतच होत्या. कॉफीच्या डब्यातून एक पुंगळी काढली, पक्कडीत बुडाच्या जरा वर धरली आणि जोर लावून दाबली. सोडली तर ती पुन्हा गोल. कडक होती. दुसरी काढली, दाबली. तीही तशीच परतली. माझीच मला शंका येऊ लागली. भट्टी, ड्रायर, बादली, सगळं मी खरंच केलं होतं ना? आजोबा दारात उभे होते. त्यांचा चेहरा समजूतदार होता, आणि त्याचीच मला भीती वाटली, कारण आता ते पेट्या घेऊन निघणार होते.

"अहो, या चाळीसांतल्या आहेत. थांबायला सांगा."

"अगं—"

"थांबायला सांगा!"

तिसरी दाबली. ती पक्कडीत चपटली आणि चपटीच राहिली. पोळीची कड दुमडावी तशी.

आजोबांनी ती माझ्या हातातून घेतली, नखाने दाबून बघितली. मग डब्यातून आणखी एक घेऊन स्वतः दाबली. ती परतली. पुढची चपटली. त्यांनी पक्कड खाली ठेवली आणि टोपी काढली. टोपी काढल्यावर ते एकदम फार म्हातारे दिसले.

"ड्रायर?" त्यांनी ह्यांना विचारलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेने हो म्हटलं. आजोबा नाकातून हसल्यासारखं काहीतरी करून स्टुलावर बसले, माझ्याच स्टुलावर.

भरलेली काडतुसं दाबून बघता येत नाहीत. म्हणून दुपारपर्यंत आम्ही तिघांनी सगळी मोडली. त्याला हातोडीसारखं प्लास्टिकचं एक अवजार असतं. त्यात काडतूस अडकवून जमिनीवर आपटलं की गोळी सुटते. आजोबांनी दारू एका बाटलीत ओतून मग फुलझाडांच्या वाफ्यात शिंपडली. शिशाच्या गोळ्या पुन्हा वितळवायला टाकल्या. पुंगळ्या मात्र चुकून कुणी पुढे वापरू नयेत म्हणून ठोकून सपाट करायच्या ठरल्या. पक्कडीने दाबून बघितली की परतलेलीही मापातून जराशी जातेच, तेव्हा चांगल्या-वाईट सगळ्याच. शंभरच्या शंभर. भावाच्या कोणत्या, हेही आता कुणाला सांगता येणार नव्हतं.

आजोबांनी हातोडी माझ्या हातात दिली. ती त्यांनी मला का दिली? माझी चूक मी निस्तरावी म्हणून? की ठोकण्याचं काम मला चांगलं येतं म्हणून? की त्यांच्याने होईना म्हणून? मी त्यांच्याकडे पाहिलं, ते डब्याकडे बघत होते. मी ठोकत बसले. नरम होत्या त्या एका घावात बसत. कडक होत्या त्यांना तीन-चार लागत. आवाजही वेगळा येई. कडक पुंगळी खणकन वाजली की मला वाटे, ही वाचली असती.

घरी आल्यावर हे खूप बोलले. सगळं लिहीत नाही. शेवटी म्हणाले, "गुरुवारीच का नाही सांगितलंस? मी काय खाल्लं असतं तुला?" मी म्हटलं, "तुम्ही हसला असता." ते म्हणाले, "हसलो असतो, खरं आहे."

त्या वर्षी आजोबा दुकानातली साधी रायफल घेऊन शिकारीला गेले. मी तिकडे जाणं बंद केलं. धुणंसुद्धा घरात वाळवू लागले. ते रागावले नव्हते, निदान दिसत तरी नव्हते, आणि मला तेच समजत नव्हतं. रागावले असते तर किती रागावले ते कळलं असतं. वडील रागावले की सांडस फेकायचे. मग तासाने हाक मारायचे. इथे ना सांडस, ना हाक. माझ्या मनात येई, त्यांनी ते विसरायचं ठरवलं असेल, आणि त्यात मलाही धरलं असेल.

बर्फ पडल्यानंतर एका दुपारी दारावर थाप पडली. आजोबा होते. "मिसेस, कम," एवढंच म्हणाले आणि वळून चालू लागले. मी कोट चढवून त्यांच्या पावलांच्या खुणांवर पावलं टाकत गेले.

टेबलावर कोऱ्या पुंगळ्यांचं खोकं होतं. थाळी नव्हती. नुसती पाण्याची बादली आणि टॉर्च. त्यांनी एक पुंगळी उचलून बुडाशी चिमटीत धरली, मान ज्योतीत धरून बोटांनी गरगर फिरवली, आणि बूड हाताला चटकल्याबरोबर "हॉट!" म्हणून बादलीत टाकली. मग दुसरी माझ्या हातात दिली. मला कळलं. बूड धरवतं तोवर ते कडकच आहे. चटका बसला की थांबायचं. थाळी न घेता मुद्दाम बोटांत धरायला लावणं हा धडा होता की शिक्षा, हा विचार माझ्या मनात येऊन गेला.

मी चिमटीत धरून फिरवू लागले. मानेचा रंग बदलला. आजोबा वाट बघत होते. आणखी फिरवली.

"हॉट?"

"नो."

"हॉट, मिसेस?"

"नो. नो हॉट."

त्यांनी माझ्या हातावर फटका मारून पुंगळी बादलीत पाडली. चर्र झालं. मग माझा हात धरून उलटा केला आणि बोटांची टोकं चष्म्याजवळ नेऊन बघितली. भट्टीजवळचं बालपण, मग तव्यावरच्या पोळ्या. तिथली कातडी कधीचीच जाड झालेली. त्यांना चटकतं तिथे मला ऊबही लागत नव्हती. ती पुंगळी त्यांनी बाजूला काढली आणि हातोडीने सपाट केली. मला वाटलं, संपलं, आता घरी जा म्हणतील.

त्यांनी टॉर्च उचलला आणि माझ्या हातात दिला. स्वतः नवीन पुंगळी घेतली, बुडाशी दोन बोटांत धरली आणि माझ्यापुढे आडवी केली. त्यांच्या नखांपासून ज्योत दोन-तीन बोटांच्या अंतरावर. मी माझा हात दुसऱ्या हाताने धरला, हलू नये म्हणून. शंभर पुंगळ्या मोडून बसलेल्या बाईच्या हातात आग देऊन हा माणूस स्वतःची बोटं कशी पुढे करतो, मला काही केल्या समजेना. ते पुंगळी फिरवत होते आणि मी रंगाकडे बघत होते.

"हॉट," ते म्हणाले, आणि सोडली.

लगेच दुसरी उचलली.